डबा मऊ चालतो म्हणजे नक्की काय होतं? (स्प्रिंगा, झोके आणि गचके)

चौथी सीट (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न टाकतोय. इथे रेल्वेवेडे पुष्कळ आहेत, कोणीतरी नीट सांगेल.

मागच्या महिन्यात रात्रीच्या एका गाडीने लांबचा प्रवास झाला. डबे एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन बनावटीचे. गाडी शंभराच्या पुढे पळत असतानाही वरच्या बर्थवर पडून वाचता येत होतं, अक्षरं हलत नव्हती. पण सुटताना आणि थांबताना असे गचके, की साइड लोअरवर झोपलेला माणूस वीतभर सरकावा. बायकोचं म्हणणं, जुन्या निळ्या डब्यात सगळं अंग हलायचं, पण असं कोणी ढकलायचं नाही. मला नवे डबे आवडले, तिला जुने. घरात अजून निकाल लागलेला नाही.

तर प्रश्न असा: डबा मऊ चालतो म्हणजे काय? स्प्रिंग जितकी मऊ तितका प्रवास सुखाचा, इतकं सोपं असेल तर सगळीकडे मऊ स्प्रिंगा का घालत नाहीत?

---

कर्जतचा वडा

निकाल कधीच लागलाय, तुम्हाला कळवलेला नाही एवढंच.

---

सुमेध_मेक

मऊ स्प्रिंगचं गणित फार गोड आहे, म्हणून आधी तेच सांगतो. डब्याच्या वजनाने स्प्रिंग किती दबते, एवढं एकच कळलं की डबा सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलणार हे ठरतं. डबा किती टनांचा आहे हे वेगळं लागतच नाही. स्प्रिंग २५ मिमी दबली तर सेकंदाला तीनहून थोडे जास्त झोके. २५० मिमी दबली तर साधारण एक.

माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. पोटातलं पाणी हलतं ते इथेच. म्हणून डबा या पट्ट्याच्या खूप खाली, एकच्या आसपास ठेवायचा. पण अर्ध्याच्या खाली गेलात तर बोट लागल्यासारखं मळमळायला लागतं. म्हणजे मऊपणालाही तळ आहे.

आराम मोजायला श्पर्लिंग निर्देशांक वापरतात. आकडा जितका लहान तितका प्रवास चांगला. जुन्या निळ्या आयसीएफ डब्याचा (चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातला) सव्वातीनच्या आसपास, एलएचबीचा अडीच ते पावणेतीन. तुमची न हलणारी अक्षरं हा तो फरक.

---

निवृत्त फोरमन

सुमेध, कागदावर बरोबर आहे. आता वर्कशॉपात या.

डब्याच्या दोन्ही टोकांना धक्का झेलणारे बफर असतात. रुळापासून बफरची उंची जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरल्या डब्यात कमीत कमी १०३० मिमी, हा नियम. म्हणजे तुमच्या हातात ७५ मिमी आहेत. रिकाम्या डब्याने स्प्रिंग २५० मिमी दबत असेल आणि माणसं-सामानाने वजन पाचव्या हिश्शाने वाढलं, तर डबा आणखी ५० मिमी खाली बसणार. उरले २५. त्यात चाक नवं असताना ९१५ मिमीचं, कातून कातून ८२५ पर्यंत येतं. म्हणजे डबा ४५ मिमी खाली. ते भरून काढायला आम्ही स्प्रिंगखाली पॅकिंगच्या रिंगा घालायचो. मऊ स्प्रिंग का घालत नाहीत, याचं निम्मं उत्तर या ७५ मिलिमीटरमध्ये आहे.

आणि स्प्रिंग निवडणं म्हणजे ढिगातून चार उचलणं नव्हे. प्रत्येक स्प्रिंग प्रेसखाली ठरलेल्या वजनाने दाबून तिची उंची मोजायची, उंचीप्रमाणे गट पाडायचे, रंगाचा पट्टा मारायचा. एका ट्रॉलीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यात, एकाच गटाच्या स्प्रिंगा. एक जरी दुसऱ्या गटाची गेली तरी डबा एका कोपऱ्यावर कलतो, आणि मग कितीही तेल भरा, शॉक बदला, तो डबा तक्रार घेऊनच परत येतो.

---

चौथी सीट

काका, तेल कुठे भरायचं? स्प्रिंगमध्ये तेल?

---

निवृत्त फोरमन

डॅशपॉटमध्ये. सविस्तर सांगतो, नातू शाळेतून यायला वेळ आहे.

जुन्या आयसीएफ ट्रॉलीत दोन मजले. खालच्या मजल्यावर अ‍ॅक्सलबॉक्सच्या (आसाचं टोक बसतं ती पेटी) दोन बाजूंना दोन स्प्रिंगा, आणि स्प्रिंगच्या पोटात गाइड. हा गाइड तेलाच्या भांड्यात वर-खाली होतो. त्याच्या टोपीला बारीक भोकं असतात, त्यातून तेल ढकललं जाताना हालचाल मरते. नुसती गुंडाळी स्प्रिंग असेल तर ती एकदा दबली की नाचतच बसते, तिला कोणीतरी आवरावं लागतं. तो म्हणजे डॅशपॉट. सील फाटून तेल गळलं की डबा उड्या मारतो. बाहेरून बघितलं तर अ‍ॅक्सलबॉक्सच्या वर तेलाचे ओघळ दिसतात, आमचा माणूस पिटलाइनवर (तपासणीच्या खड्ड्यावर) लांबूनच सांगायचा.

वरच्या मजल्यावर बोल्स्टर, म्हणजे डबा पेलणारी आडवी तुळई. डब्याचं वजन दोन बाजूंच्या साइड बेअररवरून बोल्स्टरवर, तिथून बोल्स्टर स्प्रिंगांवर, स्प्रिंगा बसतात खालच्या फळीवर, आणि ती फळी ट्रॉलीच्या चौकटीला हँगरांनी टांगलेली. अक्षरशः झोपाळा. आडवा धक्का आला की फळी झुलते आणि आपल्या वजनानेच मध्यावर परत येते. सोबत उभे शॉक.

झोपाळ्याची अडचण तीच, कड्या झिजतात. हँगरच्या पिना, बुश, ब्लॉक घासून ढिले झाले की डबा वाजायला लागतो. वहिनी म्हणतात ते 'सगळं अंग हलायचं' त्यात या झिजेचा वाटा मोठा. पीओएच (ठरावीक काळाने होणारी वर्कशॉपातली मोठी दुरुस्ती) होऊन आलेला आयसीएफ डबा आणि पीओएचला निघालेला आयसीएफ डबा, या दोन वेगळ्या गाड्या समजा.

---

अनामिका_डोंबिवली

माझ्या कंबरेची पीओएच कुठल्या वर्कशॉपात करून मिळेल?

---

घाटमाथा

जुन्या डब्यांना झोडपायच्या आधी थोडा इतिहास. पेरांबूरचा कारखाना २ ऑक्टोबर १९५५ ला सुरू झाला, तो स्विस तंत्रज्ञान घेऊन. त्याआधीच्या डब्यांखाली पाट्यांच्या कमानी असायच्या, ट्रकला असतात तशा.

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या होत्या आणि वरचे डबे जीआयपी रेल्वेच्या (आताची मध्य रेल्वे) माटुंगा वर्कशॉपात बांधले होते. १९६६ मध्ये तो रेक जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले, तेव्हा सुधारलेल्या ट्रॉलीमुळे प्रवास जास्त सुखाचा झाला हीच बातमी होती. आज ज्यांना खटारा म्हणतो ते डबे त्या काळी गुळगुळीत होते. २०२२ च्या जूनमध्ये क्वीनला एलएचबी मिळाले. साठ वर्षांनी यांनाही कोणीतरी खटारा म्हणेल.

डायनिंग कार मात्र टिकली, त्याबद्दल रेल्वेला शंभर गुन्हे माफ.

---

सुमेध_मेक

घाटमाथा, पाट्यांच्या कमानीत एक गंमत आहे. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे झोके आपोआप मरतात, वेगळा डॅशपॉट लागत नाही. पण तेच घर्षण लहान धक्क्याच्या वेळी कमानीला हलूच देत नाही. बारीक थरथर सरळ डब्यात. गुंडाळी स्प्रिंग लहान धक्कासुद्धा गिळते, पण तिला आवरायला तेल लागतं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं.

---

रोखठोक

एवढं सगळं कशाला? रूळ नीट ठेवा, लाकडी फळकुटावरसुद्धा झोप लागेल. स्प्रिंगांचं कौतुक हा रूळ खराब असल्याचा पुरावा आहे.

---

निवृत्त फोरमन

रोखठोक, निम्मं मान्य. पूर्वी रुळाचा तुकडा १३ मीटरचा आणि दर १३ मीटरला जोड. गाडी ताशी ४७ किलोमीटरने चालली की सेकंदाला बरोबर एक जोड येणार, आणि मऊ डब्याचा झोकाही सेकंदाला एकच. दोन्ही जुळले की डबा लयीत डोलायला लागतो. वेग कमी किंवा जास्त केला की थांबतो. लांब वेल्ड केलेल्या रुळांनी हे दुखणं बरंचसं गेलं. ते श्रेय पर्मनंट वेवाल्यांचं, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्यांचं, आमचं नाही.

---

टोकियोत तात्या

उरलेल्या निम्म्याला माझा विरोध नोंदवा. रूळ आरशासारखा असला तरी गाडी आपणहून वळवळते.

रेल्वेच्या चाकाची कड सपाट नसते, उतरती असते, आपल्याकडे २० ला १. दोन्ही चाकं एका अ‍ॅक्सलला पक्की. जोडी जरा डावीकडे सरकली की डावं चाक मोठ्या व्यासावर चालतं, उजवं लहान व्यासावर, मग जोडी उजवीकडे वळते, तिथून परत डावीकडे. क्लिंगेल नावाच्या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्येच याचं सूत्र दिलं. आपल्या ब्रॉडगेजला नवीन चाकावर एक पूर्ण नागमोड साधारण १८ मीटरची निघते. ताशी १०० ला सेकंदाला दीड वळवळ. चाक झिजलं की उतार बदलतो, प्रकरण आणखी बिघडतं.

जपानमध्ये युद्धानंतर यावर मोठं काम झालं. तादाशी मात्सुदाइरा हे युद्धकाळात झिरो विमानाच्या पंखांची फडफड अभ्यासायचे, मग रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले. तिथे बहुतेकांचं म्हणणं रोखठोकांसारखंच, की वळवळ रुळाच्या दोषाने होते. यांनी ठासून सांगितलं की विमानाच्या पंखासारखीच ही स्वतःची स्वतः वाढणारी थरथर आहे, रूळ सरळ असला तरी एका वेगाच्या पुढे सुरू होणारच. उपाय ट्रॉलीत शोधायला हवा. १ ऑक्टोबर १९६४ ला शिंकानसेन ताशी २१० ने धावली, तिच्या ट्रॉलीत हे उत्तर होतं, आणि वरच्या मजल्यावर हवेच्या स्प्रिंगा.

एलएचबीच्या ट्रॉलीला बाहेरून आडवे, गाडीच्या दिशेने लावलेले जाड शॉक दिसतात, ते यॉ डॅम्पर. ट्रॉलीला नागमोडी वळू न देणं हे त्यांचं काम. १६० च्या वेगाचं गुपित मऊ स्प्रिंगेत कमी आणि या दांडक्यांत जास्त आहे.

---

रोखठोक

तात्या, विमानवाला माणूस आणलात म्हणून सोडून देतो.

---

बार्शीकर

अवांतर आहे, पण बार्शी लाइटशिवाय हा धागा पूर्ण होऊ देणार नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी लाइन सुरू केली. त्याचा हट्ट होता की हलक्या रुळावर एकाही अ‍ॅक्सलने ५ टनांपेक्षा जास्त वजन टाकायचं नाही. इंजिन, डबा, वाघीण, सगळ्यांना तोच नियम. वजन सारखं वाटलं गेलं की रूळ हलका चालतो. डबे पत्रा दाबून घडवलेल्या पोलादी चौकटींवर, खाली ट्रॉल्या. त्या काळात छोट्या गाड्यांना सरसकट चार चाकं आणि वर खोकं असायचं.

आजोबा पंढरपूरच्या वारीला त्या गाडीने जायचे. मऊ चालायची का, असं विचारलं तर म्हणायचे, "गर्दीत पाय टेकायला जागा नसायची, हलणार कुठून?"

---

अनामिका_डोंबिवली

आजोबांना डोंबिवली फास्टचा अनुभव न घेताच तत्त्व सापडलं होतं.

पण खरंच विचारते, लोकलमध्ये इतकी माणसं चढतात तर स्प्रिंगा बसत कशा नाहीत? जुन्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी डबा खाली बसून फलाटापासून पायरी बदलायची. आताच्या गाड्यांत तेवढं जाणवत नाही.

---

सुमेध_मेक

हवा! २००७ पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या विद्युतयंत्रणेच्या गाड्यांमध्ये वरच्या मजल्यावर पोलादी स्प्रिंगेऐवजी रबरी फुगे आहेत. डबा आणि ट्रॉलीच्या मध्ये एक छोटा दांडा असतो, तो व्हॉल्व्हला जोडलेला. माणसं चढली, डबा खाली गेला, दांडा फिरला, फुग्यात हवा शिरली, डबा पुन्हा आपल्या उंचीवर. माणसं उतरली की हवा सोडून देतो. मधल्या स्टेशनांवर दार उघडल्यावर फुस्स आवाज येतो ना, त्यात याचाही वाटा आहे.

फोरमनकाकांचे ७५ मिमी इथे निकालात निघतात. उंची स्थिर, त्यामुळे स्प्रिंग हवी तितकी मऊ ठेवता येते. शिवाय वजन वाढलं की दाबही वाढतो, म्हणून रिकामा आणि भरलेला डबा जवळपास सारखाच झुलतो. पोलादी स्प्रिंगला हे जमत नाही. लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. त्यावर हवेशिवाय मार्ग नाही. वंदे भारतलाही वरती हवाच.

---

निवृत्त फोरमन

आणि फुगा फुटला तर? आत रबराचा ठोकळा असतो, डबा त्यावर बसतो, गाडी हळू न्यावी लागते. हवेच्या स्प्रिंगांच्या डब्यांना एफआयबीए नावाचं उपकरण असतं, फुग्यातली हवा गेली की ते ब्रेक लावतं आणि शिट्टीसारखा आवाज करतं. पोलादी स्प्रिंग तुटली तरी डबा यार्डापर्यंत येतो. सोय वाढली की काळजी वाढते.

---

जनरल_डबा

श्पर्लिंग, जपान, फुगे सगळं वाचलं. लांब पल्ल्याच्या जनरल डब्याबद्दल कोणी बोलेल का? नव्वद माणसांच्या डब्यात दुप्पट-तिप्पट माणसं. संडासाजवळ बसलो की खाली ठक ठक असा लोखंडाचा आवाज येतो. तो कसला?

---

निवृत्त फोरमन

स्प्रिंगेची दबायची जागा संपल्याचा असू शकतो. चौकट थांब्यावर आपटते, मग त्या डब्याला स्प्रिंग नाहीच असं समजा. शिवाय संडास म्हणजे ट्रॉलीच्या पुढचं टोक, तिथे सगळ्यात जास्त हलतं. तुमचा प्रश्न बरोबर आहे. निर्देशांक ठरलेल्या भारावर मोजतात, दिवाळीच्या भारावर नाही. याला स्प्रिंगेत औषध नाही, जास्त डबे लावणं हेच आहे.

---

जनरल_डबा

हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. धन्यवाद काका.

---

मिनीबफर

टॅल्गोचं काय झालं? २०१६ मध्ये दिल्ली-मुंबई चाचणी १२ तासांच्या आत झाली होती, मग गायब.

---

टोकियोत तात्या

गाडी गायब, कल्पना झकास. टॅल्गोच्या हवेच्या स्प्रिंगा छताजवळ, डब्याच्या गुरुत्वमध्याच्या वर. त्यामुळे वळणावर डब्याचा खालचा भाग बाहेर फेकला जातो आणि डबा आतल्या बाजूला कलतो, मोटर नाही की संगणक नाही. आपल्या डब्यांच्या स्प्रिंगा खाली, म्हणून वळणावर डबा बाहेर कलतो. एलएचबीत ते आवरायला अँटी-रोल बार नावाचा पीळ खाणारा दांडा घातलाय.

---

संपादक मंडळ

धागाकर्त्याचा मूळ प्रश्न गचक्यांचा होता, याची नम्र आठवण.

---

चौथी सीट

आभार! घरात विचारणा होते आहे. एलएचबीत नेमकं काय वेगळं, आणि गचका का?

---

निवृत्त फोरमन

आधी ट्रॉली. ती मूळची फियाटची. तिच्यात झोपाळा नाही. वरच्या मजल्यावर उंच गुंडाळी स्प्रिंग, एकात एक बसवलेली, ती उभी दबते आणि आडवीही वाकते. म्हणजे झोपाळ्याचं काम स्प्रिंगच करते. खाली अ‍ॅक्सलबॉक्स एका दांड्याला, दांडा रबरी बुशने चौकटीला. घासणारे भाग फारच कमी, म्हणून झीज कमी, म्हणून पहिल्या दिवशीची चाल बराच काळ टिकते. मला तरी एलएचबीचा खरा मोठेपणा यातच दिसतो.

आता गचका. तो उभा नाही, आडवा नाही, गाडीच्या लांबीच्या दिशेचा आहे. त्या दिशेला ट्रॉलीतल्या स्प्रिंगा काहीच करू शकत नाहीत. जुन्या डब्यांना स्क्रू कपलिंग. पोर्टर दोन डब्यांच्या मध्ये उतरून ते पिळायचा, बफर एकमेकांवर दाबून बसायचे, मध्ये मोकळी जागाच उरायची नाही. इंजिनाने ओढलं की सगळी गाडी एकदम निघायची. एलएचबीला मधोमध सीबीसी कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा. अपघातात डबे एकमेकांवर चढू देत नाही, हा त्याचा जीव वाचवणारा गुण. पण कपलरच्या मागच्या ड्राफ्ट गियरमध्ये (ओढ आणि धक्का झेलणाऱ्या यंत्रणेत) थोडी थोडी ढील असते. वीस-बावीस डब्यांची ढील एकापाठोपाठ एक संपते आणि शेवटच्या डब्यापर्यंत तिचा दणका होतो. पुढे बॅलन्स्ड ड्राफ्ट गियर आणून तो बराच कमी केला. बाकी चालकाच्या हातात, हळुवार उचलणाऱ्याच्या गाडीत चहा सांडत नाही.

तेव्हा तुम्ही दोघंही बरोबर. तुम्ही स्प्रिंगेबद्दल बोलत होता, त्या कपलिंगबद्दल.

---

कर्जतचा वडा

काकांनी एक संसार वाचवला.

---

घाटमाथा

तरी मी म्हणेन, नुकता पीओएच झालेला आयसीएफ, डॅशपॉट भरलेले, आणि खिडकी उघडी. १९ जानेवारी २०१८ ला पेरांबूरहून त्या बनावटीचा शेवटचा डबा बाहेर पडला. ज्यांना बसायचंय त्यांनी आत्ताच बसून घ्या.

---

सुमेध_मेक

भावना पोचल्या, निर्देशांक मात्र सव्वातीनच.

---

अनामिका_डोंबिवली

सगळं कळलं. आता कामाचं सांगा, बर्थ कुठला घ्यायचा?

---

निवृत्त फोरमन

डब्याच्या मधला. ट्रॉलीच्या डोक्यावर आणि टोकाला जास्त हलतं, मध्यावर सगळ्यात कमी. एलएचबी स्लीपर ८० बर्थचा, म्हणजे ३३ ते ४८ मधला कुठलाही. थ्री एसीचे ७२ असतील तर ३३ ते ४०. खालचा मिळाला तर उत्तम, डबा डावी-उजवीकडे डोलतो तेव्हा वरच्याला जास्त जाणवतं. गचक्याचं वाटत असेल तर साइडचा टाळा, आणि गाडीच्या अगदी शेवटचा डबाही.

---

चौथी सीट

काका, ३३ ते ४० मध्ये ३९ आणि ४० साइडचे आहेत.

---

निवृत्त फोरमन

मग ३६. पण मिळाला तर सांगा, मला आजवर आरएसीच मिळालाय.